शिक्षकाचे सुटीतले वाचन आणि मुलांचे पुस्तक

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे सहसा दोन प्रश्न विचारले जातात. पुस्तक कोणी आणि केव्हा लिहिले, हा पहिला. ते बोधपर आहे की रंजनपर, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातून सूची तयार होते आणि दुसऱ्यातून निवाडा. या दोहोंच्या मध्ये एक व्यक्ती सतत वावरत असते आणि तिची नोंद मात्र कोठेच होत नाही. ती व्यक्ती म्हणजे शिक्षक. पुस्तक लिहिणारा शिक्षक आपल्याला ठाऊक आहे, कारण तो लेखक म्हणून सूचीत येतो. पुस्तक शिकविणारा शिक्षकही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत भेटतो. परंतु पुस्तक वाचणारा, म्हणजे स्वतःसाठी, कोणी न सांगता वाचणारा शिक्षक वाङ्मयेतिहासात जवळजवळ अदृश्य आहे. वर्षभराच्या तपासण्या, परीक्षा आणि वह्या यांच्या रहाटगाडग्यात असे वाचन त्याला मुख्यत्वे उन्हाळ्याच्या सुटीतच शक्य होते. त्या सुटीत त्याने काय वाचले आणि जूनमध्ये वर्गात येताना त्यातले काय बरोबर आणले, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास मराठी बालवाङ्मयाची घडण काहीशी वेगळी दिसू लागते, अशी प्रस्तुत लेखाची धारणा आहे. विवेचनासाठी कोल्हापूर आणि त्याचा परिसर मुख्यत्वे निवडला आहे. या एका संस्थानी शहराच्या आसपास या प्रश्नाचे बरेच धागे एकत्र आलेले आहेत.

आरंभ अर्थातच मुंबईत आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाले. ते बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे, इंग्रजीच्या वाटेने आलेले मराठी रूप होते. त्याच वर्षी त्यांची ‘इसापनीतिकथा’ही प्रसिद्ध झाली. छत्रे हे मुंबईच्या शिक्षणमंडळीचे एतद्देशीय चिटणीस. शाळांना लागणारी पुस्तके तयार करून घेणे हे त्या मंडळीचे कामच होते. तेव्हा मराठीतील मुलांच्या पुस्तकाचा जन्म शिक्षणव्यवस्थेच्या गरजेतून झाला, ही गोष्ट सर्वमान्य आहे. मात्र त्याच वेळी तो एका प्रौढ वाचकाच्या वाचनातूनही झाला, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. छत्र्यांनी आधी एक परके पुस्तक वाचले, त्यांना ते आवडले अथवा उपयुक्त वाटले, आणि मग ते मराठी मुलापर्यंत पोहोचले. शिक्षणखात्यात आयुष्य घालविलेल्या विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती असा त्याचा ऐवज पाहिला तरी हीच प्रक्रिया दिसते. ‘बालबोध’चा अंक हा एका अर्थी संपादकाच्या त्या महिन्याच्या वाचनाचा गोषवाराच असे.

येथे सिद्धान्ताच्या अंगाने एक मुद्दा नोंदविणे आवश्यक आहे. जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली ‘पीटर पॅन’वरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की मुलांसाठी लिहिलेल्या कथेत लेखक, कर्ता आणि दाता हा प्रौढ असतो. मूल त्यानंतर येते, घेणारे म्हणून येते, आणि या दोहोंमधल्या जागेत ते मूल प्रत्यक्षात शिरतच नाही. बालवाङ्मय हे मुलाचे नसून प्रौढाला हव्या असलेल्या मुलाचे असते, असा या मताचा रोख. इझरने मांडलेली अभिप्रेत वाचकाची कल्पना येथे जोडून पाहिली तर बालवाङ्मयाचा अभिप्रेत वाचक हा दुहेरी ठरतो. वर मूल असते आणि त्याच्या आड पुस्तक विकत घेणारा, निवडणारा, मंजुरी देणारा प्रौढ उभा असतो. हा युक्तिवाद इंग्रजी मध्यमवर्गीय घराच्या संदर्भात घडलेला आहे. त्या घरात पुस्तक निवडणारी व्यक्ती आई असते, दाई असते, नाताळची भेट देणारा काका असतो. मराठीच्या संदर्भात, विशेषतः ज्या घरांत छापील पुस्तक पहिल्यांदाच शिरत होते तेथे, ही जागा शिक्षकाची होती. त्यामुळे रोझ यांचा आक्षेप आपल्याकडे लागू होतो, पण वेगळ्या प्रकारे. प्रौढाने मुलावर आपली इच्छा लादली की काय, हा प्रश्न येथेही राहतोच. त्याआधी मात्र त्या प्रौढाजवळ स्वतःचे असे वाचन होते की नव्हते, हे पाहावे लागते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्याच्यावर लादण्याचा आरोप तरी कसा करणार?

कोल्हापुरात पुस्तक पोहोचले ते बरेच लवकर. येथील नेटिव्ह जनरल लायब्ररी १८५० साली स्थापन झाली; आजचे करवीर नगर वाचन मंदिर ते हेच. पुढे राजाराम कॉलेजच्या रूपाने शिक्षकांचा एक जाणता वर्ग शहरात आला. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी तेथे विज्ञान शिकविता शिकविता मराठीत शास्त्रीय ग्रंथ रचले. त्याच कॉलेजात संस्कृत शिकविणाऱ्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी १८९४ मध्ये ‘ग्रंथमाला’ मासिक काढले. ग्रंथच्या ग्रंथ क्रमशः छापून वर्गणीदाराच्या घरी पोहोचविण्याची ही योजना शिक्षकाच्या वाचनाचा इतिहास पाहणाऱ्याला फार मोलाची वाटावी अशी आहे. तालुक्याच्या गावी बदली झालेल्या मास्तराला ग्रंथालय दूर असे. टपाल मात्र जवळ असे. विजापूरकरांवर पुढे ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखापायी राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना कारावास घडला. तो भाग राजकीय इतिहासात पुरेसा आला आहे. त्यांच्या मासिकाने दूरदूरच्या शिक्षकांच्या कपाटात काय भरले, ही बाजू मात्र राजकीय तेजामुळे झाकोळली गेली.

शाहू छत्रपतींनी १९०१ पासून शहरात जातवार विद्यार्थी-वसतिगृहांना उत्तेजन दिले आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा केली. या दोन घटनांनी वाचकवर्गाचा पाया रुंदावला, हे निर्विवाद. त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीचा अर्थही बदलला, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. शहरातील वकिलाच्या मुलाला सुटी म्हणजे वाचनमंदिराच्या पायऱ्या, आजोळ, आंबे आणि दुपारची गोष्टीची पुस्तके. बोर्डिंगमधील मुलगा सुटीत गावी जाई तो नांगरटीला, शेणकुराला आणि उसाच्या पाण्याला. त्याच्या बाबतीत पुस्तकाची आणि शाळेची सुटी एकाच दिवशी सुरू होई. बालवाङ्मयाचे आपले इतिहास पहिल्या मुलाच्या सुटीला गृहीत धरून लिहिलेले आहेत.

शिक्षकाच्या वाचनाचे मुलांच्या पुस्तकात रूपांतर कसे होते याचे सर्वांत ठळक उदाहरण कोल्हापूरच्या बाहेर, खानदेशात सापडते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहाचेही काम पाहत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक, तेही हाताने लिहून! रोज काहीतरी द्यायचे म्हणजे रोज काहीतरी वाचलेले हवे. ही सक्ती त्यांनी स्वतःवर लादून घेतली होती. पुढे सत्याग्रहात उडी घेतल्यावर नोकरी सुटली आणि तुरुंगवास आला. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली गेली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्या पुस्तकाची रचना बेचाळीस रात्रींच्या कथनाची आहे, म्हणजे ती वसतिगृहातील सायंप्रार्थनेनंतरच्या गोष्टीचीच रचना आहे. गुरुजींच्या बाबतीत तुरुंग हीच एक विलक्षण दीर्घ सुटी ठरली, असे म्हटले तर त्यात उपरोध नाही.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘श्यामची आई’पेक्षा ‘गोड गोष्टी’ ही मालिका अधिक बोलकी आहे. तीतील ‘मनूबाबा’ हे जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’चे रूपांतर. ‘दुःखी’ हे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चे, तर ‘फुलाचा प्रयोग’ हे अलेक्झांडर ड्यूमाच्या काळ्या ट्युलिपच्या कादंबरीचे. या तिन्ही मूळ कृती प्रौढांसाठी लिहिलेल्या आहेत. एलियटची विणकराची गोष्ट १८६१ सालची. विश्वासघाताने माणसांतून उठलेल्या, सोन्याच्या मोहरा मोजत बसणाऱ्या आणि सोने चोरीला गेल्यावर दारात आलेल्या अनाथ मुलीमुळे पुन्हा माणसांत आलेल्या एका मनुष्याची ती गोष्ट आहे. मुलांनी वाचण्याजोगे पुस्तक कोणते, असा प्रश्न इंग्रजी ग्रंथपालाला विचारला असता तर त्याने ते काढून दिले असते, असे वाटत नाही. साने गुरुजींनी ते निवडले, कारण ते त्यांनी स्वतः वाचले होते आणि त्यात त्यांचे मन गुंतले होते. रूपांतरात मूळ कादंबरीतील सामाजिक वर्णनाची घनता विरळ झाली. धर्मपंथाचा गुंतागुंतीचा भाग सुटला, आणि करुणरस मात्र जागोजाग दाट झाला. हा दोष म्हणून दाखविता येईल, आणि दाखविलाही पाहिजे. तरीही ‘मुलांना काय आवडेल’ हा प्रश्न येथे पहिला नव्हता. ‘मला जे आवडले ते मुलांना कसे सांगू’ हा होता. या दोन प्रश्नांतून दोन वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके निर्माण होतात आणि आपल्या समीक्षेने त्यांना एकाच मापाने मोजले आहे.

वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत गेले आणि १९३८ मध्ये कोल्हापुरास आले तेव्हा त्यांच्या मागे अठरा वर्षांची शिक्षकी होती. पुढचे आयुष्य त्यांनी कोल्हापुरात काढले. खांडेकरांची रूपककथा बालवाङ्मयात गणली जात नाही आणि ती मुलांसाठी लिहिलेलीही नाही. तरीही ती लहान, आशयाने सरळ आणि वर्गात मोठ्याने वाचण्याजोगी आहे, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. जिब्रानच्या वाचनाचा संस्कार तिच्यावर आहे. तो संस्कार एका अशा माणसाच्या मनावर झाला होता, की ज्याने दीड तप फळ्यासमोर उभे राहून एकेका धड्याचे तात्पर्य सांगितले होते. तात्पर्याची ही सवय रूपककथेला पोषक ठरली, आणि माझ्या मते मारकही ठरली. या कथांत अर्थ उमलण्याआधीच कोणीतरी तो खुडून हातात देते, असा अनुभव वारंवार येतो. मुलाला मात्र हे चालते, कदाचित हवेही असते. प्रौढ वाचक म्हणून आपण ज्या गोष्टीला नाक मुरडतो तीच वर्गात उपकारक ठरते, हे मान्य करण्यास समीक्षेची हरकत नसावी.

कोल्हापूर परिसरातील शिक्षकाच्या वाचनाचा सर्वांत भरीव पुरावा एखाद्या संस्थेच्या अहवालात सापडत नाही. तो एका साहित्यकृतीत आहे. आनंद यादव यांची ‘झोंबी’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागल हे तिचे स्थळ. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, म्हणून तिचा साक्ष म्हणून उपयोग करताना सावध राहावे लागते. परंतु तिच्यातील वाचनाच्या अनुभवाची वीण इतकी सूक्ष्म आहे, की तिच्याकडे दुर्लक्ष करणे हे इतिहासकाराच्या तोट्याचेच ठरेल. शाहूंच्या घोषणेनंतर पाव शतक उलटून गेले तरी शाळा आणि शेत यांतला झगडा शेतकऱ्याच्या घरात मिटलेला नव्हता. वडिलांनी शाळा सोडवून शेतावर जुंपलेला मुलगा आईच्या मदतीने गावातील एका वजनदार सरकारांकडे जातो. त्यांच्या शब्दाखातर शाळा पुन्हा सुरू होते, पण अटींवर: सकाळी शेतावर काम करून मग शाळा, शाळेनंतर गुरे, आणि शेतात जास्त काम असेल त्या दिवशी शाळा नाही. या मुलाला सुटी नावाची वस्तू ठाऊकच नाही. त्याच्या दिनक्रमातील शाळा हीच सुटी आहे.

आणि या शाळेत मराठी शिकविणारे सौंदलगेकर मास्तर येतात. कादंबरीतील हा भाग बालवाङ्मयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा आहे. मास्तरांना जुन्या-नव्या मराठी कविता तोंडपाठ आहेत, इंग्रजीही काही येतात. ते कविता वाचून दाखवीत नाहीत, गातात. चाल, छंद, हावभाव यांसह ती उभी करतात. यशवंत, तांबे, बोरकर, गिरीश, केशवकुमार अशा कवींशी झालेल्या भेटींच्या आठवणी सांगतात. स्वतःही कविता करतात. मुलगा हे सर्व डोळ्यांनी आणि कानांनी पीत राहतो. उसाला पाणी पाजताना, गुरे राखताना त्याच चालींत तो कविता म्हणतो. मग त्याच कवितांना स्वतःच्या चाली लावतो. मग स्वतः जुळवू लागतो. कागद-पेन्सिल हाताशी नसली तर म्हशीच्या पाठीवर काडीने किंवा दगडावर खड्याने लिहितो. पूर्वी पाणी पाजताना जो एकटेपणा खायला उठे तो आता त्याला हवासा वाटू लागतो, कारण एकटे असले की मोठ्याने गाता येते. वाचनानुभवाचे इतके नेमके वर्णन मराठीत फार थोड्या ठिकाणी आहे. येथे पुस्तक नाही, पान नाही, चित्र नाही. आहे तो केवळ एका प्रौढाच्या कंठातून मुलाच्या कंठात गेलेला शब्द.

यातील दोन तपशील आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मास्तर मुलाला आपल्या घरचे कवितासंग्रह वाचायला देतात. हे संग्रह मुलांसाठी नव्हते. ते मास्तरांचे स्वतःचे होते, त्यांच्या आवडीने जमलेले होते. म्हणजे कागलच्या त्या मुलाचे आवडते पुस्तक हे मास्तरांचे आवडते पुस्तक होते. मधे ‘बालवाङ्मय’ नावाचे दालन नव्हतेच. दुसरा तपशील मास्तरांच्या दारातील वेलीचा. त्या वेलीवर मास्तरांनी कविता केलेली असते. मुलाने ती वेलही पाहिलेली असते आणि कविताही वाचलेली असते. कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि कवितेचा विषय आपल्या बांधावरही असू शकतो, हे भान त्याला येथे येते. एखाद्या सिद्धान्तग्रंथाने प्रकरणभर लिहून सांगावे असे हे भान, पण वेलीने ते एका दृष्टिक्षेपात दिले. रोझ यांच्या युक्तिवादाला यातून एक पुरवणी जोडता येते. प्रौढाने दिलेले पुस्तक मुलाच्या अंगी लागते ते त्या प्रौढाचे स्वतःचे जगणे त्या पुस्तकाशी जुळलेले दिसले, म्हणजे. दारात वेल नसलेल्या मास्तराने तीच कविता शिकविली असती, तर ती प्रश्नोत्तरांपुरती उरली असती.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. सौंदलगेकर मास्तर ही अपवादात्मक व्यक्ती होती. त्याच कादंबरीतील शाळेत इतर वातावरणही आहे. शिवाय मास्तरांच्या आवडीचे जे काव्य होते ते रविकिरण मंडळाच्या वळणाचे, चालीवर गाता येणारे, वृत्तबद्ध. मुलाच्या घरी बोलली जाणारी कागलची बोली त्या काव्यात नव्हती. तिला वाङ्मयात आणण्यासाठी यादवांना पुढे स्वतःच्या काव्यातून आणि कथांतून वेगळा मार्ग काढावा लागला. शिक्षकाच्या आवडीने दार उघडते, तशी तीच आवड उंबरठ्याची उंचीही ठरविते.

हा उंबरठाच काढून टाकता येईल का, असा प्रश्न कोल्हापुरात प्रत्यक्ष कृतीने विचारला तो लीलाताई पाटील यांनी. आचार्य स. ज. भागवत यांच्या या कन्येने शिक्षकांना शिकविण्यात नोकरीची वर्षे घालविली आणि १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. जून २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. ‘ऐलमा पैलमा शिक्षण देवा’, ‘अर्थपूर्ण आनंदशिक्षणासाठी’, ‘शिक्षण घेता-देता’ आणि ‘लिहिणं मुलांचं : शिकवणं शिक्षकांचं’ ही त्यांची पुस्तके शिक्षणाच्या कप्प्यात ठेवली गेली आहेत आणि वाङ्मयसमीक्षेने त्यांची दखल घेतलेली नाही. यातील शेवटचे शीर्षक आपल्या प्रश्नाला थेट भिडते. शिक्षकाच्या कपाटातून मुलाकडे जाणाऱ्या पुस्तकाचा प्रवाह त्यांनी उलटा वळविला. मुलाने आपल्या परिसराबद्दल, आपल्या घरातल्या कामाबद्दल, पाहिलेल्या गोष्टीबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि शिक्षकाने ते लक्षपूर्वक वाचावे. येथे शिक्षक वाचक आहे, पण त्याच्या हातातील संहिता मुलाची आहे. व्याकरणाच्या तांबड्या शाईआधी आशयाकडे पाहण्याचा हा आग्रह म्हणजे समीक्षाच होय, आणि ती आपल्या नियतकालिकांतील पुष्कळशा समीक्षेहून अधिक जबाबदारीने केलेली आहे. कारण तिच्या चुकीचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात समोर बसलेला असतो.

तथापि लीलाताईंच्या मार्गाला वाचनविरोधी समजणे चूक ठरेल. लिहिणाऱ्या मुलाचे लिखाण वाचण्यासाठी शिक्षकाचा कान तयार असावा लागतो, आणि तो तयार होतो वाचनानेच. गेल्या काही दशकांत मराठी शिक्षकांच्या हाती आलेली काही पुस्तके या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मूळ गुजरातीतले. त्यातील प्रयोगशील शिक्षक वर्गात शिरतो तो गोष्ट सांगत, आणि प्रत्येकाने वेगवेगळी क्रमिक पुस्तके घेण्याऐवजी तेच पैसे एकत्र करून वर्गासाठी वाचनालय करावे असे सुचवितो. बार्बियाना या इटालियन खेड्यातील मुलांनी १९६७ साली मिळून लिहिलेले पत्र मराठीत ‘प्रिय बाई’ म्हणून आले. त्यात शाळेने गळती केलेली मुले शाळेचा हिशेब मांडतात. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेले तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ जपानीत १९८१ मध्ये निघाले. त्यातील तोमोए शाळेत रेल्वेचा एक डबा वाचनालय होतो आणि कोणीही कोणतेही पुस्तक काढून कोठेही बसून वाचावे, एवढाच तेथला नियम असतो. ही तिन्ही पुस्तके ना निव्वळ शिक्षणशास्त्राची, ना बालवाङ्मयाची. ती शिक्षकाने सुटीत वाचावी आणि वाचताना स्वतःच्या वर्गाची आठवण होऊन अस्वस्थ व्हावे, अशा एका अनामिक प्रकारातील आहेत. ‘तोत्तोचान’ तर मुलेही वाचतात. शिक्षकाचे आवडते पुस्तक आणि मुलाचे आवडते पुस्तक येथे पुन्हा एकत्र आलेले दिसते, पण साने गुरुजींच्या काळातील रूपांतराची गरज आता उरलेली नाही.

या बदलाला बाजारातील पुरवठ्याचेही कारण आहे. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले आणि ते खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचले. मॉस्कोत छापलेली, जाड कागदाची आणि उत्तम चित्रांची मराठी पुस्तके सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन होईपर्यंत अल्प किमतीत मिळत. त्यांतील बर्फ, समोवार आणि अस्वले कोल्हापूरच्या मुलाला परकी होती खरी; पण परके आहे म्हणून मुलाला ते नको असते, हा प्रौढांचा समज आहे. शांता शेळके यांनी ‘लिट्ल वीमेन’चे केलेले ‘चौघीजणी’ हे रूपांतर ज्या प्रेमाने पिढ्यानपिढ्या वाचले गेले, त्यावरूनही हेच दिसते.

पेशाने शिक्षक असूनही मुलांसाठी लिहिताना ज्यांनी शिक्षकी पूर्णपणे बाजूला ठेवली, अशा दोन लेखकांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. विंदा करंदीकर हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक. ‘राणीची बाग’ (१९६१) आणि ‘एटू लोकांचा देश’ यांतील त्यांची कविता बोध सांगत नाही. ती शब्दाला शब्दाशी खेळवते, आणि तर्काला त्याच्याच शेपटीमागे पळवते. धारवाडला इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांचे ‘बखर बिम्मची’ तर त्याहून आश्चर्यकारक आहे. ज्यांच्या कथाविश्वात नियतीचे इतके गडद सावट पडते, त्यांनी एका लहान मुलाच्या प्रश्नांभोवती हे लहानसे, हसरे पुस्तक उभारले. बिम्मला कोणी शिकवीत नाही. तो विचारतो, आणि जगाला उत्तर देताना भंबेरी उडते. या दोघांचे इंग्रजी वाचन अफाट होते, पण त्यांच्या मुलांच्या पुस्तकांत ते कोठेही उद्धृत झालेले दिसत नाही. ते मुरले आहे. साने गुरुजींनी वाचलेले पुस्तक मुलांना दिले. विंदांनी आणि जीएंनी वाचनाने झालेला स्वतःचा मोकळेपणा दिला. मला व्यक्तिशः हा दुसरा प्रकार वाङ्मयदृष्ट्या श्रेष्ठ वाटतो. परंतु ‘मनूबाबा’ वाचून ज्यांना कादंबरीची गोडी लागली अशांना तो तसा वाटण्याचे कारण नाही, आणि त्यांची बाजूही इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

ती नोंदायची तर साधने वेगळी लागतील. ग्रंथालयांची देवघेवीची जुनी रजिस्टरे, शाळांच्या बक्षीस-समारंभांत वाटलेल्या पुस्तकांच्या आतील पानांवर चिकटविलेल्या चिठ्ठ्या, मास्तरांच्या नावचे शिक्के असलेली आणि विद्यार्थ्यांच्या घरी राहून गेलेली पुस्तके, वर्गणीच्या पावत्या ही सामग्री रद्दीत जाण्याजोगी समजली जाते. बक्षिसाच्या पुस्तकावर मुलाचे नाव असते, इयत्ता असते, साल असते, क्वचित मुख्याध्यापकांची सहीही असते. ते पुस्तक निवडणाऱ्या शिक्षकाचे नाव तेवढे नसते. आपल्या विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रबंधांसाठी या एका अभावाचा पाठपुरावा हा उत्तम विषय ठरेल. वाचक-प्रतिसादाची चर्चा आपण परकीय सिद्धान्तग्रंथांच्या आधारे पुष्कळ केली. प्रतिसादाचा कागदोपत्री पुरावा मात्र जिल्ह्याजिल्ह्याच्या शाळांच्या कपाटांत पडून आहे.

आणि असा शोध घेताना कोल्हापूर जिल्ह्यातच उसाच्या फडांकडेही जावे लागेल. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून तोडणी कामगारांची कुटुंबे येथे येतात, पाल ठोकतात आणि कारखान्यांचा हंगाम संपता संपता, म्हणजे उन्हाळा लागला की, परततात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामात तुटते. साखरशाळांनी ती जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. गावी परत गेल्यावर या मुलांपुढे उन्हाळ्याची सुटी असते, पण तिच्या आधी जे वर्ष असायला हवे ते नसते. त्यांच्यासाठी गोष्टीचे पुस्तक निवडणाऱ्या शिक्षकाने स्वतः कोणते पुस्तक वाचलेले असावे, या प्रश्नाला छत्र्यांपासून लीलाताईंपर्यंतच्या परंपरेत तयार उत्तर मिळत नाही. ‘झोंबी’ मात्र त्याच्या कपाटात असावी.